रखमा घाडीची उजेडाची तार

रखमा घाडी शिडीवरून बोलायला लागली की खालच्या माणसाने मान वर करून ऐकायचं, असा काळाचौकीच्या मेघजी चाळीत रिवाजच पडून गेला होता. खाली उतरून बोलायला बाईला सवड कुठे होती? कमरेला पक्कड, खांद्यावर तारेचं वेटोळं, तोंडात दोन खिळे, आणि त्यातूनही जीभ चालूच. "राधाबाई, तो वरणाचा टोप उचला बघू आधी, नाहीतर आज माझ्या पायाची फोडणी बसेल!" राधाबाई टोपही उचलायच्या आणि वर दोन शिव्याही द्यायच्या. चाळीतल्या बायका तिला रखमा म्हणत, पोरं केबलवाली मावशी म्हणत. तिचा बाप विठोबा घाडी मात्र तिच्या कामाला काहीच म्हणत नसे. ते काम आहे हेच मुळी त्याला मान्य नव्हतं.

विठोबा गिरणीतला साचेवाला, कापडाचा माग चालवणारा. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्याच्या साच्यावर दुसऱ्याने हात ठेवला तर तो दोन दिवस त्या माणसाशी बोलायचा नाही, असा त्याचा जीव त्या यंत्रावर. दसऱ्याला गिरणीत साचे धुऊनपुसून लख्ख करायचे, त्यांना झेंडूचे हार घालायचे, हळदकुंकू वाहायचं आणि मग बायकापोरांना आत नेऊन दाखवायचं. बायकोला, सखुबाईला, आणि लहानग्या रखमाला त्याने असंच नेलं होतं. "ह्यो बघ माझा साचा," म्हणाला होता, अगदी पहिला मुलगा दाखवावा तसा.

मग संप झाला. रखमा तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. आज सुटेल, उद्या सुटेल करता करता गिरणी जी बंद झाली ती झालीच. कोणी कोकणात गेला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी बँकेच्या दारात दंडुका घेऊन उभा राहिला. विठोबालाही एकाने रखवालदाराची नोकरी आणली होती. "मी साचेवाला. दार राखायला कुत्रा ठेवा," असं सांगून त्याने त्या भल्या माणसाला जिन्यावरूनच परत पाठवलं. आता ताठ्याने काय पोट भरतं? पण ताठा सोडला तर त्या माणसाजवळ दुसरं उरलंच काय होतं, हेही खरंच ना. सखुबाईने ते ओळखलं आणि तोंड उघडलं नाही. एरवी ती गप्प बसणारी बाई नव्हे. तिची खाणावळ होती, पण जेवायला येणारे गिरणीवालेच राहिले नाहीत, तेव्हा तिने मसाले कुटून द्यायला सुरुवात केली आणि पाट्यावर घर चालवलं.

दसरा आला की ती त्या पाट्याला, विळीला हळदकुंकू लावायची. विठोबा भिंतीकडे तोंड करून पडायचा. "पूजा कामाच्या यंत्राची करायची असते. आपल्या घरात काम नाय आणि यंत्रही नाय," म्हणायचा. ज्या पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचं कालवण तो दोन वेळा ओरपत होता, तो पाटा त्याच्या लेखी कामात धरला जात नव्हता. पुरुषांचं गणित आहे, सोडा.

रखमा मोठी झाली आणि काळाचौकीत केबल आली. गंगाधर नावाच्या गृहस्थाने गच्चीवर मोठी छत्री लावली आणि घरोघर तारा ओढल्या. रखमा त्याच्याकडे नुसती तक्रारी लिहून घ्यायला बसायची. एकदा ऐन क्रिकेटच्या सामन्यात अर्ध्या चाळीचं चित्र गेलं, गंगाधरचा माणूस गावी गेलेला, खाली लोक खवळलेले. रखमाने ओढणी कमरेला खोचली आणि चढली कौलांवर. चित्र आलं, पण घाडींची मुलगी छपरावर चढली म्हणून जी बोंब झाली ती सामन्याच्या बोंबेहून मोठी होती. पुढे बघायला आलेली दोन स्थळं ह्याच कारणावरून फिरली. "मला सासर नको, एक चांगली शिडी बघून द्या," असं तिने आईला ठणकावून सांगितलं आणि तो विषय मिटवून टाकला. गंगाधर म्हातारपणी गावी गेला तेव्हा सगळा पसारा तिच्या हवाली करून गेला.

त्या दिवशी रखमा पेढे घेऊन बापासमोर उभी राहिली. विठोबाने पेढा घेतला. "तारेवर कपडे वाळत घालतात गो. संसार नाय," एवढं बोलून तो पेढा त्याने खाल्ला. रखमाला ते इतकं लागलं की बरीच वर्षं तिने पेढाच आणला नाही घरात. बाकी जग काय म्हणतं त्याची तिने कधी फिकीर केली नाही, पण बापाने एकदा, एकदाच, हिचं काम हे काम आहे असं म्हणावं, हे तिच्या मनात रुतून बसलं होतं.

केबलमागून इंटरनेट आलं. गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरना जाळं पुरवणारी एक मोठी कंपनी चाळींच्याही दाराशी आली. रखमा नेट देत होती, नाही असं नाही, पण ते साध्या तांब्याच्या तारेवरून. ती तार शंभरेक मीटर गेली की दमते. मग प्रत्येक गच्चीवर एक डबा ठेवायचा, तो उन्हात तापायचा, विजेत जळायचा, आणि मेघजी चाळीपर्यंत येईतो नेटचा पार जीव गेलेला असायचा. राधाबाईंचा मुलगा मस्कतला. कॉम्प्युटरवर नातवाचं तोंड दिसायचं ते अर्धं नाक आणि एक डोळा. "अगो, माझा नातू काय तुकड्या-तुकड्यांनी जन्मलाय?" म्हणून राधाबाई करवादायच्या.

चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष दौलतराव, बेस्टमधून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी रखमाला बोलावून घेतलं. "हे बघ, कंपनीला अख्ख्या चाळीत तार फिरवायची परवानगी हवीय. दोन-दोन तारांची जाळी मी भिंतीवर होऊ देणार नाही. तू आपली आहेस, पण आपलेपणावर नेट चालत नाही, बाई."

"मी फायबर आणते," रखमा म्हणाली. "भोईवाड्यापासून इथपर्यंत."

"तू?"

"मग काय तुम्ही चढणार कौलांवर?"

दौलतराव हसले. पण त्यांनी मुदत दिली. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटायला सगळी चाळ खालच्या चौकात जमते. त्या वेळी प्रत्येक मजल्यावर नेट धडधाकट चाललं पाहिजे. कंपनीच्या माणसालाही बोलावू, आणि चाळ तिथेच हात वर करून काय ते ठरवील.

मेघजी चाळ म्हणजे रखमाच्या धंद्याचं खोड होतं. मागच्या दोन्ही गल्ल्यांच्या तारा ह्याच चाळीच्या जिन्याखालच्या कपाटातून जायच्या. चाळ गेली की गल्ल्या गेल्या. मग काय, घरी जाऊन बापाशेजारी भिंतीकडे तोंड करून पडायचं? "बाबांचं काम गेलं ते वाचवणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं," ती सखुबाईला म्हणाली. "माझं माझ्या हातात आहे. मी नाही जाऊ देणार. मेले तरी नाही."

"मरू नको. जेव आधी," सखुबाई म्हणाली.

भोईवाड्यात सीताराम नावाचा तिचा जुना दोस्त, तोही केबलवाला. त्याच्याकडे फायबर येऊन पोहोचलं होतं. त्याच्या खोलीपासून मेघजी चाळीपर्यंत तार आणायची म्हणजे गच्चीमागून गच्ची, आणि प्रत्येक गच्चीचा एक राजा. कुणी म्हणे आमच्या पापडांवरून नको, कुणी म्हणे कबुतरं बसतील. रखमाने कुणाला हात जोडले, कुणाचा बंद पडलेला टीव्ही फुकट सुरू करून दिला, आणि एका आजोबांशी तर चक्क भांडून त्यांच्याच घरचा चहा पिऊन उतरली. ही तार तांब्याची नव्हे, आत केसासारखी काच. काटकोनात मुडपली की खलास. त्यावर कुणी चादरी वाळत घालू नयेत म्हणून रखमा घरोघर सांगत हिंडली. तुकड्यांचे सांधे करायला सीतारामने यंत्र आणलं, आणि सगळी तार जोडून झाल्यावर उजेड मोजायचं मीटर लावलं. भोईवाड्यात सोडलेला उजेड काळाचौकीत नीट पोहोचत होता. रखमाने त्या मीटरवरचा आकडा पाहिला आणि सीतारामच्या पाठीत असा धपाटा घातला की बिचारा खोकत सुटला.

आता राहिला होता तो उजेड मजल्या-मजल्यांना वाटणारा डबा. चपटा, लोखंडी, तोंडाशी साध्या तारांसाठी भोकांची रांग आणि कडेला फायबरसाठी दोन खाचा. त्या खाचांत बोटाएवढी मॉड्यूलं बसवायची आणि मॉड्यूलात तारेचं टोक. एक मॉड्यूल कामाला, दुसरं अडीअडचणीला. मॉड्यूलांची जोडी असते. भोईवाड्याला एका तऱ्हेचं, इकडे दुसऱ्या तऱ्हेचं. "नवरा-बायकोचं आहे हे," सीतारामने समजावलं होतं. "एकाच्या बोलण्याचा उजेड दुसऱ्याला ऐकू आला पाहिजे. दोन्हीकडे सारखंच लावलंस तर दोघं नुसती बोलत बसतील, ऐकणार कोण?" आणि मॉड्यूलांच्या तोंडावर काळी रबरी टोपणं होती. ती तार लावायच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, हे त्याने तिला दहादा बजावलं होतं. केसाएवढ्या काचेपुढे धुळीचा कण म्हणजे सह्याद्री.

नवमीच्या दिवशी रखमाने तो डबा घरातल्या टेबलावर ठेवला, सीतारामचा लॅपटॉप जोडला आणि डब्याला शिकवायला बसली. आधी डब्याचा स्वतःचा पत्ता. मग प्रत्येक मजल्याला वेगळी वाट, म्हणजे तळमजल्यावरच्या कुणाच्या कॉम्प्युटरला रोग झाला तरी वरच्यांना ताप नको. मग पासवर्ड. सगळं झालं, आणि तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली तेव्हा डबा सगळं विसरून कोरा करकरीत. सेव्ह करायचंच राहिलं होतं! रखमाने स्वतःलाच दोन सणसणीत शिव्या हासडल्या, पुन्हा पहिल्यापासून सगळं भरलं, सेव्ह केलं, आणि मुद्दाम वायर उपटून पुन्हा लावून पाहिलं. ह्या खेपेला डब्याने सगळं लक्षात ठेवलं.

विठोबा खाटेवरून हे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ह्या चालतं कशावर?"

"उजेडावर, बाबा. त्या तारेतून उजेड येतो ना, त्यावर."

"उजेडावर?" म्हातारा कोपरावर उठला. "आणि चालवतो कोण?"

"मी."

"हं," म्हणाला, आणि कुशीवर वळला. रखमाने डबा तसाच टेबलावर ठेवला आणि ती भोईवाड्याकडचं टोक बसवायला निघून गेली.

दसऱ्याच्या सकाळी डब्यावर झेंडूचं फूल होतं आणि झाकणावर कुंकवाचं बोट. आईने केलं असेल, असं समजून रखमाने नमस्कार केला, फूल केसात खोचलं आणि डबा उचलून जिन्याखाली आली. कपाटात स्क्रूने बसवला, मजल्यांच्या तारा एकेक करून लावल्या. मग रबरी टोपण काढलं, फायबरचं टोक मॉड्यूलात कट्कन बसवलं आणि बटण दाबलं.

मजल्यांचे दिवे लागले. फायबरचा दिवा लागला नाही.

तिने वाट पाहिली. टोक काढून पुन्हा बसवलं. भोईवाड्याला फोन लावला. "सीताराम, तुझं चालू आहे ना?"

"टकाटक चालूय. तुझ्याकडून काहीच येत नाहीये."

"मॉड्यूलं अदलाबदल तर नाही केलीस तू?"

"वेडी काय? नाव वाचून लावलंय."

तिनेही नाव वाचलं. बरोबर होतं. मग ती गच्च्यांवर पळाली. एके ठिकाणी खरंच कुणाचं लुगडं तारेवर वाळत होतं; तिने ते ओढून मालकिणीच्या अंगावर टाकलं, पण तार मोडली नव्हती. खाली येऊन टोकाला मीटर लावलं तर उजेड जवळजवळ कालच्याइतकाच येत होता. म्हणजे तार ठीक. सांधे ठीक. लॅपटॉप लावून डब्याची शिकवणी तपासली, तीही ठीक. दुसऱ्या खाचेतल्या मॉड्यूलात टोक लावलं. तिथेही दिवा मेलेला. एक मॉड्यूल नासकं निघतं, दोन्ही कशी निघतील? नवं आणावं तर दसऱ्याला लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बंद.

दुपार कलली. चौकात पोरं पताका लावत होती. राधाबाई नवीन पातळ नेसून दोनदा येऊन गेल्या. "दिसेल ना गो संध्याकाळी? की परत एक डोळा?" दौलतराव घड्याळ बघून गेले, ते तर त्याहून वाईट. कंपनीचा माणूस जरा लवकरच आला होता. सभ्य होता बिचारा. "ताई, काही मदत करू का?" म्हणाला. "नको," रखमा म्हणाली, आणि मग तिचं तिलाच वाटलं, उगाच तोडून बोलले. हरायला तिची ना नव्हती, पण कशाने हरतेय तेही कळू नये? मसणात गेला तो डबा, असं म्हणून तिने एक लाथ हवेत मारली. आणि पुन्हा खाली बसली. उठून जायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. सीतारामच्या सांगण्याप्रमाणे एकेक शंका खोडत आली होती, आता फक्त एक जागा उरली होती, जिथे तिने पाहिलंच नव्हतं.

तिने डबा बंद केला, मॉड्यूल ओढून बाहेर काढलं आणि त्याच्या भोकात टॉर्च मारला.

आत लालभडक होतं.

काडी घालून बघितलं. कुंकू. पाण्यात कालवून लावलेलं, वाळून बसलेलं, कडेला हळद. दुसरं मॉड्यूल काढलं, त्यातही तेच. कुणीतरी रबरी टोपणं काढून, दोन्ही तोंडांना नीट बोट लावून, टोपणं पुन्हा जागच्या जागी बसवून ठेवली होती. चांगली निगुतीने.

रखमा जिना चढली ती धाडधाड पायऱ्या आपटत. "आई! डब्याची पूजा तू केलीस?"

सखुबाईने पाट्यावरून नजर उचलली आणि खाटेकडे बघितलं.

विठोबा इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. दाढी केलेली. इतकी वर्षं दसऱ्याला तो दाढीसुद्धा करत नसे. "मी केली," म्हणाला. "तू भोईवाड्याला गेलीस ना, तेव्हा. व्यवस्थित केली. तोंडावरची टोपणं काढून. यंत्राचं तोंड बांधून पूजा करतात होय गो? गिरणीत आम्ही साच्याच्या एकेक भागाला कुंकू लावायचो. काही राहिलं नाय ना? चालतंय ना नीट?"

रखमाने तोंड उघडलं होतं. जे बाहेर पडणार होतं ते भयंकर होतं, आणि ते तिच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. आणि तिथेच ते थांबलं. पूजा कामाच्या यंत्राची करायची असते, असं म्हणणारा हा माणूस. आईच्या पाट्याला कधी हात न लावलेला. त्याने रात्रंदिवस तिला हवी असलेली गोष्ट केली होती. केली ती अशी, की तिचं सगळं काम त्याखाली गाडलं जावं. हसावं की रडावं? ती उंबऱ्यावर मटकन बसली. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी म्हाताऱ्याच्या टाळक्यात तो डबा घालावा असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"चालतंय, बाबा," ती उठत म्हणाली. "थोडं बाकी आहे."

खाली येऊन तिने वर्तमानपत्र पसरलं, पिशवीतली स्पिरिटची बाटली आणि सीतारामने दिलेल्या बारीक कापसाच्या काड्या काढल्या. आधी तारेचं टोक पुसलं, कारण दोन्ही मॉड्यूलांत घातल्यामुळे त्यालाही थोडं लागलं होतं. मग पहिलं मॉड्यूल. काडी घालायची, हलकेच फिरवायची, काढायची. जोर लावला तर आतली काच ओरखडणार, म्हणून जोर लावायचा नाही; आणि रखमाला सगळं आयुष्य जोर लावूनच करायची सवय. दात आवळून तिने हात हलका ठेवला. काड्या लाल होत होत्या, मग गुलाबी, मग पिवळट. पहिल्यात म्हाताऱ्याने भक्ती जरा जास्तच ओतली होती. ते लावून पाहिलं, उपयोग नाही. ती रडली नाही. दुसरं घेतलं. कोरडी काडी, स्पिरिटची काडी, परत कोरडी. टॉर्चमध्ये आत स्वच्छ दिसायला लागलं तरी तिने आणखी एक फिरवली.

मागे जिन्यावर पायरी वाजली. विठोबा उभा होता. पसरलेल्या कागदावर लाल काड्यांचा ढीग. रखमाने झटकन कागद दुमडून पायाखाली घेतला. कठडा धरून तो उलटा फिरला आणि हळूहळू वर गेला.

तिने मॉड्यूल खाचेत सरकवलं, टोक बसवलं, बटण दाबलं.

फायबरचा दिवा हिरवा झाला आणि लुकलुकायला लागला.

"आली गं बया, आली!" फोनवरून सीताराम एवढा ओरडला की चौकातल्या पोरांनी वळून पाहिलं.

संध्याकाळी चौक भरला. आपट्याची पानं हातोहात फिरली, 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' झालं, आणि दौलतरावांनी प्रत्येक मजल्यावर माणूस पाठवला. सगळीकडून होकार आला. राधाबाईंच्या खोलीतून तर किंकाळीच आली. नातू अख्खा दिसत होता, दोन्ही कानांसकट, आणि त्याचा एक दात पडलाय तेसुद्धा दिसत होतं म्हणे.

पण दौलतराव सरळ माणूस. ते खुर्चीवरून उठले. "चालू झालं, उत्तम. पण सकाळपासून बंद होतं, हे मी बघितलंय. काय बिघडलं होतं, रखमा? आणि पुन्हा बिघडणार नाही कशावरून? ते सांग, मग हात वर करू."

विठोबा पहिल्या ओळीत बसला होता, आजूबाजूला त्याच्याच खात्यातले म्हातारे. खरं सांगावं तर त्याची त्यांच्यासमोर शोभा. खोटं सांगावं तर रखमाला काम येत नाही असं होणार, तेही कंपनीच्या माणसादेखत. तिने फार वेळ घेतला नाही.

"माझी चूक," ती म्हणाली. "नीट झाकून ठेवलं नाही. आत धूळ गेली. पुन्हा जाणार नाही."

"धूळ आमच्याकडेही जाते," कंपनीचा माणूस हळूच म्हणाला. पण मागे कुजबुज सुरू झाली. एक-दोघांनी माना हलवल्या. धुळीपासून डबा झाकता येत नाही ती चाळ काय सांभाळणार, असं कुणीतरी बोललंच.

"धूळ नव्हती ती, दौलत."

विठोबा उभा राहिला होता. आपल्याच खुर्चीची पाठ हाताने धरून. "कुंकू होतं. मी घातलं. ती घरात नव्हती, तिचं यंत्र टेबलावर होतं, आणि मी टोपणं काढून पूजा केली. गिरणी गेल्यापासून घरात कामाचं यंत्र आलं नव्हतं. आलं, म्हणून केली. मला काय ठाऊक त्याचं तोंड झाकूनच ठेवायचं असतं? दिवसभर पोरगी माझं कुंकू काढत बसली, आणि मला सांगते, चालतंय बाबा." "तिची चूक नाय. ती साचेवाल्याची पोरगी आहे. यंत्र उघडं टाकणार नाय कधी."

कुणीतरी फिसकन हसलं, पण पहिल्या ओळीतलं कोणी हसलं नाही. साळखात्यातल्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला. रखमा कपाटाच्या दाराला टेकून उभी होती, आणि तिने डोळे पुसायचे सोडून दिले होते.

दौलतराव खाकरले. "तार रखमाची ठेवायची असेल त्यांनी हात वर करा."

पहिला हात विठोबाचा. संपाच्या सभेत इतर हजारोंबरोबर वर केला होता तो हात; आणि त्याचं काय झालं ते बघितल्यावर पुन्हा कुठल्याही सभेत, कुठल्याही गोष्टीसाठी त्याने तो वर केला नव्हता. चाळीतल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. त्यांनी तो हात बघितला, आणि मग एकामागून एक बाकीचे वर गेले. राधाबाईंनी दोन्ही केले.

"घरच्या माणसाचं मत धरायचं का?" मागून कुणीतरी शंका काढली.

"नका धरू," दौलतराव मोजता मोजता म्हणाले. "तरी पुरून उरतात."

मोजून झालं. हात खाली आले, टाळ्या झाल्या, कंपनीच्या माणसाने येऊन रखमाला सोनं दिलं, लोक पांगू लागले. विठोबा अजून तसाच उभा होता, एक हात खुर्चीवर आणि एक वर. रखमाने जाऊन त्याच्या कोपराला हात लावला.

"बाबा, झालं मोजून. घ्या की आता खाली."

"राहू दे गो जरा," विठोबा म्हणाला.